१ जुलै १८६५ : आशेच्या तारणावर उभी राहिलेली मुंबई

१/
१ जुलै १८६५, शनिवार. मुंबईच्या बाजारात या दिवसाची तारीख कित्येक महिने आधीपासून सर्वांच्या तोंडी होती. त्या दिवशी असंख्य वायद्यांची मुदत भरणार होती : ठरल्या भावाने शेअर द्यायचे आणि ठरल्या भावाने पैसे मोजायचे. करार झाले तेव्हा हा दिवस प्रत्येकाला सणासारखा वाटत होता. प्रत्यक्ष उजाडला तेव्हा देणारे होते, घेणारे होते, कागदही होते. मोजायला पैसा मात्र जवळजवळ कोणाकडेच नव्हता.

२/
मुंबईच्या इतिहासात ही घटना 'शेअर मॅनिया' या नावाने ओळखली जाते. सट्ट्याची, लोभाची आणि दिवाळखोरीची कथा म्हणून ती अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु तिला आणखी एक अंग आहे. एका संपूर्ण शहराने एकाच वेळी, मनापासून, 'सगळे चांगलेच होणार' असे मानले होते. त्या विश्वासाने काय साधले आणि तो नेमका कोठे थांबला, याचा हा धांडोळा.

३/
प्रारंभ मुंबईत नव्हे, इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात होतो. तेथील गिरण्या जगाला कापड पुरवीत आणि त्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अमेरिकेहून येई. भारतीय कापूस तेथे 'सुरत' या नावाने ओळखला जाई. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, नाइलाजाने घ्यायचा माल अशी त्याची ख्याती होती. अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस मिळत असेपर्यंत 'सुरत'ला मानाचे पान मिळण्याची शक्यता नव्हती.

४/
१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लिंकन यांच्या सरकारने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेचा कापूस बंदरातच अडकला. लँकेशायरमध्ये गिरण्यांची चाके थांबली आणि लक्षावधी कामगार कुटुंबांवर मदतनिधीच्या अन्नावर जगण्याची पाळी आली. इंग्रज गिरणीमालकांची नजर आता मुंबई बंदराकडे वळली.

५/
मुंबई त्यासाठी जणू सज्जच होती. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत गेलेला लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये बोरघाट चढून गेला होता. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाड या भागांतून कापसाच्या गासड्या बंदराकडे येऊ लागल्या. भाव दर हंगामाला चढत राहिले. नेहमीच्या रास्त भावाने जे मिळाले असते त्याहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक रक्कम या काही वर्षांत मुंबईच्या पदरात पडली, असा हिशेब पुढे मांडला गेला.

६/
कापसाला सोन्याचे मोल आल्यावर माणसे काय करतात, तेही दिसून आले. गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकल्याच्या कथा त्या काळापासून सांगितल्या जातात. वजन वाढविण्यासाठी गासड्यांत सरकी, माती, पाणी यांची भेसळ इतकी बोकाळली, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील फसवणुकीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

७/
येथवरच्या कथेत भ्रम कोठेही नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कापूस खरा होता, जहाजे खरी होती, लिव्हरपूलहून येणारे पैसेही खरे होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी 'भाव आणखी चढेल' असे मानले, त्यांचे म्हणणे खरे ठरले. जे सावध राहिले, ते मागे पडले. पुढे घात करणारे बहुतेक विश्वास असेच एखाद्या खऱ्या अनुभवाच्या पोटी जन्माला येतात. म्हणून तर ते इतके बळकट असतात.

८/
आता प्रश्न होता : इतक्या पैशाचे करायचे काय? शहराने त्याला उत्तर दिले : कंपन्या काढायच्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि त्यांशिवाय इतर ६२ संयुक्त भांडवली कंपन्या होत्या, अशी नोंद मुंबईच्या गॅझेटिअरमध्ये आढळते. त्यांपैकी कित्येकांचे कार्य कागदावरच होते.

९/
या साऱ्यांत मुकुटमणी ठरली ती बॅकबे रिक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून वाळकेश्वरच्या बाजूपर्यंत पसरलेला पश्चिमेकडील उपसागर भरून काढायचा आणि तेथे रेल्वेला व शहराला जमीन मिळवून द्यायची, अशी ही योजना. कल्पना मुळात खुळचट नव्हती. बेटांचे हे शहर समुद्र हटवूनच वाढले होते आणि वाढत्या वस्तीला जमीन हवीच होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचे तटही पाडले जात होते. नव्या मुंबईचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर तरळत होते.

१०/
मुंबई सरकारने स्वतः या कंपनीचे ४०० शेअर घ्यावेत असे ठरत होते. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने त्याला नकार दिला. विचारी माणसाने येथे क्षणभर थांबायला हरकत नव्हती. परंतु ते ४०० शेअर जाहीर लिलावात निघाले आणि त्यांचे एक कोटी रुपयांहून अधिक आले. सरकारच्या नकाराची गोष्ट त्या आकड्याच्या झगमगाटात विरून गेली. सावधगिरीची सूचना लोकांनी सुवार्ता म्हणून ऐकली.

११/
५,००० रुपये भरणा असलेला बॅकबेचा शेअर चढत चढत ५०,००० रुपयांपर्यंत गेला. या काळात समुद्र किती हटला? फारच थोडा. भरतीच्या लाटा पूर्वीइतक्याच जोमाने येत होत्या. शेअरचा भाव दहापट झाला म्हणून समुद्रात एक टोपली माती अधिक पडत नव्हती. तथापि त्या वेळी किनाऱ्याकडे पाहणारे थोडे होते. बहुतेकांचे डोळे भावाकडे लागले होते.

१२/
टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत. १८६० च्या सुमारास त्यांची संख्या साठेक होती. तेजीच्या भरात ती दोनशे-अडीचशेवर गेली. शेअर घेणाऱ्यांत केवळ पेढीवाले शेठ नव्हते. कारकून, वकील, डॉक्टर, दुकानदार, सरकारी गोरे अधिकारी अशा सर्व थरांतील माणसे त्यात ओढली गेली. शेजारी महिन्याभरात श्रीमंत होताना दिसत असेल, तर आपल्या पगारावर समाधान मानणे फार थोड्यांना जमते.

१३/
या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता प्रेमचंद रायचंद. १८३१ मध्ये सुरतेस जन्मलेला हा तरुण दलाल इंग्रजी जाणणारा, तल्लख आणि उदार होता. त्याच्या शब्दावर शेअर मिळत आणि कर्जेही मिळत. त्याला केवळ लबाड ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वतःच्या यशावर त्याचा स्वतःचाही पूर्ण विश्वास होता, आणि नेमके हेच अधिक धोक्याचे होते. लबाड माणूस निदान स्वतःसाठी तरी पळवाट राखून ठेवतो.

१४/
सर्वांत मोठी चूक मात्र वडाखाली झाली नाही. ती बँक ऑफ बॉम्बेच्या कचेरीत झाली. १८४० साली स्थापन झालेली ही बँक सरकारचा पाठिंबा असलेली आणि प्रतिष्ठित होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्या जुन्या सनदेतील कडक बंधने सैल झाली. भांडवल वाढविण्यात आले आणि शेअरच्या तारणावर, प्रसंगी निव्वळ व्यक्तीच्या पतीवर, मोठमोठी कर्जे दिली जाऊ लागली. प्रेमचंदचे या बँकेतील वजन किती होते, ते पुढे चौकशीत उघड झाले.

१५/
हे चक्र कसे फिरत असे, ते साध्या उदाहरणाने पाहू. समजा, एकाने ५,००० रुपयांचा शेअर घेतला. भाव १०,००० झाला. तो शेअर गहाण ठेवून त्याने बँकेकडून ८,००० उचलले आणि त्या पैशाने आणखी शेअर घेतले. अशी खरेदी शेकडो जणांनी केली, म्हणून भाव १५,००० झाला. आता तारणाचे मूल्य वाढले, म्हणून कर्जही वाढले. कर्ज भावाला वर ढकलीत होते आणि भाव कर्जाला. दोघांच्या खाली जमीन कोठे होती, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

१६/
येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. विश्वासाने खरोखर काम केले होते. सर्वांनी मानले की भाव चढेल, म्हणून सर्वांनी खरेदी केली, आणि खरेदी केली म्हणून भाव चढला. माणसांच्या मनावर अवलंबून असलेल्या गोष्टी मनाच्या बळाने बदलतात, हे खोटे नाही. सैन्याचे धैर्य, विद्यार्थ्याची चिकाटी, पेढीची पत या गोष्टी विश्वासाने वाढतात. मुंबईकरांना हे सामर्थ्य रोज डोळ्यांनी दिसत होते. मग त्याला मर्यादा असेल, अशी शंका यावी कशी?

१७/
परंतु या सर्व इमारतीच्या तळाशी एक दगड असा होता, की ज्याला मुंबईच्या मनाशी काहीही देणेघेणे नव्हते. तो म्हणजे अमेरिकेतील युद्ध. युद्ध चालू तर नाकेबंदी चालू. नाकेबंदी चालू तर कापसाचा भाव. भाव तर पैसा. पैसा तर शेअर. व्हर्जिनियाच्या रणभूमीवरील सेनापतींना मुंबईतील वडाखाली काय भाव चालला आहे, याची कल्पनाही नव्हती. विश्वास बाजार हलवू शकत होता. युद्ध एका दिवसानेही लांबवू शकत नव्हता.

१८/
आणि युद्ध संपत आल्याच्या खुणा लपलेल्या नव्हत्या. सप्टेंबर १८६४ मध्ये अटलांटा पडले. नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आले. डिसेंबरमध्ये शर्मन यांच्या फौजा सवाना येथे समुद्राला भिडल्या. फेब्रुवारी १८६५ मध्ये हॅम्प्टन रोड्स येथे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी तहाच्या बोलण्यासाठी भेटले. तहाच्या नुसत्या आवईने १८६४ च्या शरद ऋतूतच लिव्हरपूलचा बाजार गडगडून गेला होता. बातम्या उशिरा येत, पण येत होत्या.

१९/
तरीही १ जुलैच्या मुदतीचे वायदे होतच राहिले. याचे कारण अज्ञान नव्हे. ज्याचे घर, पत आणि मुलीचे लग्न एका भावावर अवलंबून आहे, त्याला तो भाव उतरेल हे वाचता येते, पण मनात घेता येत नाही. शिवाय शंका घेणे महाग होते. जो विकून बाहेर पडे, त्याला पुढच्या आठवड्यात चढलेला भाव पाहून पस्तावावे लागे. बाजाराने अनेक महिने शंकेखोरांना दंड आणि श्रद्धाळूंना बक्षीस दिले होते. अशा शाळेत शिकलेली माणसे शेवटच्या परीक्षेत वेगळे उत्तर लिहितील, ही अपेक्षाच चुकीची.

२०/
या आशेला आणखी एक काळी बाजू होती. 'कापसाचा भाव टिको' या इच्छेचा सरळ अर्थ 'युद्ध चालू राहो' असा होता. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. चाळीस लाखांच्या आसपास गुलामांचे स्वातंत्र्य त्याच्या निकालावर अवलंबून होते. लँकेशायरच्या उपाशी विणकरांची चूल त्याच्या समाप्तीची वाट पाहत होती. मुंबईतील कोणी हे क्रौर्याने चिंतीत नसे. इच्छा आपली असली, की तिची किंमत दुसरा कोण मोजतो आहे हे दिसेनासे होते, एवढेच.

२१/
एप्रिल १८६५ च्या आरंभी रिचमंड पडले. ९ एप्रिल रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. अटलांटिक महासागराखालून चालणारी तार तेव्हा नव्हती, त्यामुळे ही वार्ता बोटीने इंग्लंडला आली आणि तेथून पुढे मुंबईस. जी बातमी जगातील कोट्यवधी लोकांना सुटकेची वाटली, ती मुंबईच्या बाजाराला मृत्युपत्रासारखी वाटली. कापूस कोसळला आणि मे महिन्यापासून पेढ्यांमागून पेढ्या बुडू लागल्या.

२२/
बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर अखेर ८७ रुपयांना विकला गेला. बॅकबेचा पन्नास हजारांचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. चढताना जे चक्र फिरत होते, तेच आता उलटे फिरू लागले. भाव उतरला म्हणून तारण अपुरे पडले; तारण अपुरे पडले म्हणून शेअर विकावे लागले; विक्री झाली म्हणून भाव आणखी उतरला. विश्वासाने जितक्या वेगाने बांधले, त्याहून अधिक वेगाने भीतीने पाडले.

२३/
मग १ जुलै उजाडला. वायद्यांची साखळी विलक्षण होती. एकाने दुसऱ्याकडून घेतलेले शेअर तिसऱ्याला विकलेले, तिसऱ्याने चौथ्याला. पहिला देऊ शकला नाही, तर दुसरा देऊ शकत नव्हता. प्रत्येकाच्या वहीत येणे मोठे होते आणि तिजोरी रिकामी होती. बुडालेल्यांच्या मालमत्तेचा निपटारा करण्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. जे कालपर्यंत एकमेकांच्या आशेचे आधार होते, ते आता एकमेकांचे धनको आणि ऋणको म्हणून समोरासमोर उभे राहिले.

२४/
बँका थोडा काळ तग धरून राहिल्या. त्यांचे संचालकही आशेवरच होते : कर्जदार सावरतील, भाव परत येईल. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मातब्बर पेढी बुडाली आणि तिच्या धक्क्याने उरलेसुरले खांबही खिळखिळे झाले. बँक ऑफ बॉम्बे अखेर गुंडाळावी लागली. १८६८ मध्ये सरकारने सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बुडीत कर्जे वेळेवर बुडीत म्हणून मान्य केली असती, तर ठेवीदारांचे आणि भागधारकांचे हाल पुष्कळ कमी झाले असते.

२५/
शहराचे काय झाले, ते दोन आकडे सांगतात. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ झाली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसे कमी झाली. तेजीच्या काळात कामधंद्यासाठी लोटलेली गर्दी ओसरली. यात बहुसंख्य अशी माणसे होती, ज्यांनी एकही शेअर कधी हाती धरला नव्हता.

२६/
आच घाटावरही पोहोचली. तेजीच्या काळात सावकार शेतकऱ्याला मागेल तितके कर्ज देत, कारण पीक सोन्याचे होते. भाव उतरताच हात आखडले गेले आणि जुनी खते पुढे आली. त्यातच जमिनीच्या नव्या आकारणीने सारा बराच वाढला. दहा वर्षे साचलेला हा दाह १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उफाळला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. वडाखाली पाहिलेल्या स्वप्नाचे कर्ज अशा रीतीने भीमाकाठी वसूल होत होते.

२७/
या पडझडीत एक तरुण लंडनमध्ये होता. जमशेदजी टाटा. वडील नसरवानजी यांच्या पेढीच्या कामासाठी तो तेथे गेला होता आणि त्याच्याजवळच्या कापसाच्या हुंड्यांचे मोल एकाएकी रद्दीचे झाले. 'भाव परत येईल' म्हणून दिवस काढण्याचा मार्ग त्यालाही मोकळा होता. त्याने धनकोंची भेट घेतली आणि आहे ती स्थिती त्यांच्यापुढे स्पष्ट मांडली. त्याच्या सचोटीवर विश्वास ठेवून धनकोंनी त्याच्याच पेढीचा हिशेब मिटविण्याचे काम त्याच्याकडे सोपविले.

२८/
पुढे याच जमशेदजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर कशासाठी, असे लोक विचारीत. कापूस पिकतो तेथेच जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी, असा साधा हिशेब त्यामागे होता. आशा येथेही होती, किंबहुना १८६४ च्या आशेहून ती मोठी होती. फरक इतकाच, की ती आशा कोणत्या गोष्टींवर उभी आहे हे मांडून पाहता येत होते. कोठल्या गोष्टी आपल्या हाती आहेत आणि कोठल्या नाहीत, याची विभागणी आधीच झाली होती.

२९/
प्रेमचंद रायचंदच्या वैभवाचा मोठा भाग गेला. तो पुन्हा सावरला, पण पूर्वीच्या शिखरावर गेला नाही. १९०६ मध्ये त्याचे निधन झाले. तेजीच्या दिवसांत त्याने मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याचे बांधकाम १ मार्च १८६९ रोजी सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले. वडाखालच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली रीतसर संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ ते. निदान बाजाराने तरी धडा घेतला, की व्यवहाराला शब्दाबरोबर नियमही लागतो.

३०/
आणि बॅकबे? कंपनी बुडाली, थोडी भरलेली जमीन मागे उरली आणि किनाऱ्यालगत आगगाडी धावू लागली. तो उपसागर खऱ्या अर्थाने मागे हटला तो पुढच्या शतकात, तोही वर्षानुवर्षे दगड-माती टाकल्यावर. आज मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणारा माणूस ज्या जमिनीवर बसलेला असतो, ती कोणाच्या आत्मविश्वासाने निर्माण झालेली नाही. समुद्राला भाव कळत नाही. त्याला भराव तेवढा कळतो.

३१/
'सकारात्मक राहा' हा उपदेश आज परीक्षेपासून आजारपणापर्यंत आणि कर्जापासून करिअरपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. १८६५ ची मुंबई त्या उपदेशाला खोटे ठरवीत नाही. त्याची हद्द दाखवून देते. अभ्यासाला बसण्यासाठी आशा हवी, पण प्रश्नपत्रिका आशेवर निघत नाही. औषध नेमाने घेण्यासाठी आशा हवी, पण तपासणीचा अहवाल आशेने बदलत नाही. धंदा काढण्यासाठी आशा हवी, पण हप्त्याची तारीख आशेला ओळखत नाही.

३२/
त्या पिढीचा दोष आशा बाळगण्यात नव्हता. आशेखेरीज रेल्वे घाट चढली नसती आणि बेटांचे शहर झाले नसते. दोष होता तो आशेला तारण म्हणून गहाण ठेवण्यात आणि तिच्यावर कर्ज उचलण्यात. 'कोणती गोष्ट घडली तर माझे म्हणणे चुकले असे मी मानीन?' हा एक प्रश्न वायदा लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारला असता, तर उत्तर फार दूर नव्हते : युद्ध थांबले तर. आणि युद्ध कधी ना कधी थांबतेच.

३३/
म्हणून १ जुलै १८६५ ची आठवण ठेवायची ती निराश होण्यासाठी नव्हे. पुढच्या वेळी मनात एखादी सुंदर खात्री दाटून येईल तेव्हा तिचे दोन भाग करून पाहावेत : आपल्या प्रयत्नाने हलणारा भाग आणि आपल्याकडे ढुंकूनही न पाहणारा भाग. पहिल्यासाठी मन लावून आशा करावी. दुसऱ्यासाठी हिशेबाची वही उघडावी. मुंबईने ती वही उघडली, पण मुदत भरल्यानंतर.